नवं कार्ड आणि कोठीची कडी

एका गावात एक भोळा भाचा होता. गावाचं नाव हिवरखोरे आणि भाच्याचं नाव दिगंबर. पूर्ण नाव घ्यायला कुणाला सवड नव्हती, म्हणून सगळे त्याला दिगू म्हणत. वय पस्तीस. राहायला मामांकडे. मामा म्हणजे नानाशास्त्री, गावचे ज्योतिषी. गावातल्या मुलींची लग्नं केव्हा होणार, हे ते बोटांवर मोजून सांगत. स्वतःच्या धाकट्या मुलीची, वसूची वेळ आली की बोटं अडखळत.

दिगू आळशी नव्हता आणि विसराळूही नव्हता. सांगितलेलं तो जसंच्या तसं करी, आणि एकदा सांगितलेलं कधी विसरत नसे. घरातल्या बहुतेक संकटांचं मूळ इथेच होतं.

मामी होती तोवर हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. मामीची एक पद्धत होती. ती म्हणायची, "दिगू, विहिरीवरून दोन घागरी आण. एवढंच." दिगू दोन घागरी आणायचा आणि थांबायचा. एकदाच ती 'एवढंच' म्हणायला विसरली होती, तेव्हा न्हाणीघरातलं पाणी अंगण ओलांडून रस्त्यावर गेलं होतं. गेल्या ज्येष्ठात मामी गेली. मागे तिची भांडी राहिली, लुगडी राहिली, लाडवांचा पितळी डबा राहिला. 'एवढंच' म्हणणारं मात्र कुणी राहिलं नाही.

आता चैत्र चालू होता. घरात माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, हा नियम मामा आयुष्यभर लोकांना सांगत आले होते. आता तो नियम त्यांच्याच ओसरीवर येऊन बसला होता. वसू अठ्ठावीस वर्षांची होती. एकच स्थळ हाताशी होतं. दामोदरपंत सरपोतदार यांचा मुलगा अनिरुद्ध. शनिवारी पंत मुलाला घेऊन येणार होते.

पंतांची एक अट होती. पत्रिका कॉम्प्युटरवर काढलेली हवी. मुलीचा बाप स्वतः ज्योतिषी, त्याच्या हातच्या पत्रिकेवर विश्वास कोण ठेवणार? त्याच बापाच्या घरातल्या कॉम्प्युटरवर मात्र पंतांचा पूर्ण विश्वास होता.

कॉम्प्युटर होता. तालुक्याच्या एका क्लासने काढून टाकलेला, पत्रिका छापण्यासाठी मामांनी आणलेला. पण महिनाभर त्याच्या पडद्यावर आडव्या रेघा येत होत्या. मंगळ कुठल्या घरात आहे हे पाहायला गेलं की मंगळ चार-चार घरांत दिसे. तालुक्याचे दुरुस्तीवाले इक्बालभाई म्हणाले, "चित्र दाखवणारा भाग थकलाय. नवं ग्राफिक्स कार्ड टाका, पाठवून देतो." त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता. त्यामुळे कार्ड एसटीने आलं आणि अक्कल फोनवरून यायची होती.

कार्ड बसवायचं कोणी? मामांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. वसूने त्या यंत्राला हात लावू नये, असं मामांचं म्हणणं, कारण कॉम्प्युटरमध्ये बिघाड झाला तर स्थळाकडचे मुलीच्या पायगुणावर घालतील. थोरले जावई बापूराव घरातच राहत. मोठ्या मुलीची नोकरी गावच्या शाळेत असल्याने ते सासुरवाडीला चार दिवस आले होते, त्याला आता नऊ वर्षं झाली होती. झोपाळ्यावर पडून राहणं हे त्यांचं पूर्णवेळ काम होतं.

राहिला दिगू.

सोमवारी दिगूने आंघोळ केली, आणि नवी वस्तू उघडायची म्हणून मामांचा पूजेचा रेशमी मुकटा नेसला. कार्डाला गंध लावलं. मग ते दोन्ही हातांत धरून फोनपाशी आला.

"नेसलायस काय?" इक्बालभाईंनी विचारलं. फोनवरून त्यांना कसली शंका आली कोण जाणे.

"मुकटा. रेशमी."

"दिगंबर, रेशमाने अंगात वीज साठते. ती कार्डात उतरली तर कार्ड जळतं. आधी लोखंडाला हात लावायचा, वीज जाऊ द्यायची. मगच दुसऱ्या कशालाही हात लावायचा. समजलं?"

"आधी लोखंड. मग कशालाही."

दिगूने मान डोलावली. सांगितलेलं तो विसरत नसे.

त्याच दुपारी शेवंताआजी नातवाच्या बारशाचा मुहूर्त विचारायला आल्या आणि पायरीवर घसरून पडल्या. दिगू दारातच उभा होता. तो वळला, आत गेला, ओसरी ओलांडली, माजघर ओलांडलं, खिडकीच्या गजाला हात लावला, थोडा थांबला आणि परत आला. तोवर आजींना रस्त्यावरच्या दोघांनी उचलून बसवलं होतं.

"मेल्या, मी पडले आणि तू आत पळालास?"

"वीज सोडायला गेलो होतो, आजी. नाहीतर तुम्ही जळाला असता."

मामांनी कपाळाला हात लावला. "दिगू, अडलेल्याला हात द्यायचा तर असा विचार करत बसायचं नाही. धरायचं आणि सगळा जोर लावायचा. बाकीचं मागाहून."

"धरायचं आणि जोर लावायचा. पुढच्या वेळी तसंच करीन."

मंगळवारी दिगूने कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत पांढऱ्या खाचा होत्या आणि त्यांच्या शेजारी एक तपकिरी खाच. दिगूला पांढरी आवडली. कार्ड शिरेना, अडलं. अडलेल्याला काय करायचं हे कालच कळलं होतं. त्याने कार्ड धरलं आणि सगळा जोर लावला. मेज हललं, मेजावरचं पंचांग खाली पडलं, कार्डाची पत्र्याची पट्टी वाकली.

"जोर?" फोनमध्ये इक्बालभाई म्हणाले. "ते कार्ड आहे, बाबा, खुंटा नाही. जिथे मावत नाही तिथे कोंबायचं नाही. मावत नाही याचा अर्थ जागाच ती नाही. शेजारी न्यायचं. तपकिरी खाच दिसते? तिथे अलगद बसेल. आणि पट्टी सरळ कर."

"मावत नसेल तर कोंबायचं नाही. शेजारी न्यायचं."

पण तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं, म्हणून कार्ड तसंच राहिलं.

गिऱ्हाईक म्हणजे धोंडीराम पहिलवान. तालमीच्या नव्या इमारतीचा मुहूर्त काढायला आले होते. मामा जेवत होते. दिगूने पहिलवानांना हातांची खुर्ची दिली. पहिलवान त्या दोन हातांमध्ये मावेनात. डावीकडून झालं, उजवीकडून झालं. दिगूने त्यांना कोंबलं नाही. तो म्हणाला, "तुमची जागा ही नाही. शेजारी चला." आणि अलगद धरून शेजारच्या घरी घेऊन गेला.

शेजारी भिकाजीपंत राहत. तेही ज्योतिषीच. मामांशी त्यांचा बावीस वर्षं अबोला होता. त्यांच्याकडे लांब बाकडं होतं. पहिलवान त्यावर छान मावले. मुहूर्त तिथेच निघाला, आणि भिकाजीपंतांनी बावीस वर्षांत प्रथमच मामांकडे एक निरोप पाठवला. "आभारी आहे."

मामांनी जेवणाचं ताट पुढे सारलं. "दिगू, आलेल्या माणसाला हलवायचं नसतं रे. नवं माणूस आलं म्हणून कुणाला उठवायचं नाही, कुणाला घालवायचं नाही. जो जिथे आहे तिथे राहू द्यायचा. घर कशाला म्हणतात मग?"

मामी असती तर इथे एक शब्द आला असता. तो आला नाही.

"जो जिथे आहे तिथे राहू द्यायचा," दिगू म्हणाला आणि मान डोलावली.

गुरुवारी कार्ड तपकिरी खाचेत बसलं. अगदी अलगद. दिगूला आनंद झाला. पडद्याची तार मात्र आधीपासून जुन्या जागी होती. ती त्याने हलवली नाही. जुना भागही तसाच चालू ठेवला. जो जिथे आहे तिथे. मग बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला आणि पडदा काळाच राहिला. निदान रेघा तरी होत्या, आता त्याही गेल्या. वसू दाराच्या आडून बघत होती. शनिवार दोन दिवसांवर आला होता, हे दिगूलाही मोजता येत होतं.

"दिगूदादा," ती इतकंच म्हणाली, "होईल ना?"

दिगूने फोन लावला.

"जुनं बंद केलंस का?" इक्बालभाईंनी विचारलं.

"नाही. कुणाला घालवायचं नाही, असं मामा म्हणाले."

इक्बालभाईंनी प्लास्टरचा पाय सरळ केला असावा, कारण पलीकडून एक कण्हणं ऐकू आलं. मग ते समजावू लागले. तालुक्यात त्यांच्या समजावण्याची ख्याती होती. दुर्दैवाने ते उदाहरणं देत.

"हे बघ. तुमच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये चित्र दाखवणारा भाग मूळ पाटीवरच, म्हणजे मदरबोर्डवर, जोडलेला आहे. घरजावयासारखा. उपटून काढता येत नाही. आता तू नवा जावई आणलास. दोघंही जागे. दोघांनाही तोच पडदा हवा, तेच काम हवं. काम एक आणि हक्क सांगणारे दोन. मग होतं काय? कुणीच काही दाखवत नाही. तोंड काळं करून बसतात. तुझ्या पडद्यासारखं. कळलं?"

"कळलं. मग?"

"मग नवा यायच्या आधी जुन्याला बंद करायचं. बाहेरून ओढाताण करून नाही. आत जायचं आणि आतून बंद करायचं. चालू करताना एक बटण दाबलं की आतली यादी उघडते, त्यात त्याचं नाव आहे, त्याच्यापुढे 'बंद' करायचं. आणि ऐक, नवं नीट चालू लागलं की जुन्याला पुन्हा चालू करायचं नाही. कधीच. कितीही म्हणालं तरी."

"आत जायचं, आतून बंद करायचं, पुन्हा चालू करायचं नाही. कितीही म्हणालं तरी."

शुक्रवारी दिगूने नवं कार्ड काढून ठेवलं. जुन्यावर, त्या रेघांमधूनच, आतली यादी उघडली. कोणतं बटण, कोणती ओळ, हे इक्बालभाई सांगत गेले आणि दिगू दाबत गेला. जुन्याला बंद केलं. वीज काढली, लोखंडाला हात लावला, कार्ड तपकिरी खाचेत बसवलं, स्क्रू पिळला, पडद्याची तार जुन्या जागेवरून काढून नव्या कार्डाला जोडली. बटण दाबलं. पडदा थोडा वेळ काळा राहिला आणि मग उजळला. मंगळ एकाच घरात बसलेला दिसला.

घरात सगळ्यांना बरं वाटलं. इथेच गोष्ट थांबली असती तर दिगू शहाणा ठरला असता.

शनिवारी सकाळी मामांनी सगळ्यांना बजावलं, "आज नवे जावई येतायत असंच समजा. काही कमी पडू देऊ नका."

दिगूने झोपाळ्याकडे पाहिलं. झोपाळ्यावर बापूराव होते.

घरात धान्याची कोठी होती. लहानशी खोली, ओसरीच्या बाजूला गजांची खिडकी. तिला कडी आतून होती. धान्याने स्वतःला आतून कोंडून घ्यावं अशी व्यवस्था कुणी केली, ते ठाऊक नाही. त्या सुतारालाही कुणीतरी काहीतरी सांगितलं असणार आणि त्याने ते जसंच्या तसं केलं असणार.

साडेदहाला दिगू म्हणाला, "भावोजी, कोठीत गार आहे. चला."

बापूरावांना कारण लागत नसे. ते आत गेले आणि पोत्यांवर आडवे झाले. दिगूही आत गेला. आतून कडी घातली.

अकराला रस्त्याच्या टोकाला जीप दिसली आणि मामांना घरात दोन माणसं कमी भरली. शोधत शोधत ते कोठीच्या दारापाशी आले.

"दिगू, आत काय करतोयस?"

"भावोजींना बंद केलंय."

"काय केलंय?"

"नवे जावई येतायत ना. दोघं एकदम जागे नकोत."

"ते जागे आहेत कुठे?" मामा दबक्या आवाजात म्हणाले. बापूरावांचं घोरणं दाराबाहेर ऐकू येत होतं. "दार उघड आधी. नवं अजून आलेलंही नाही."

हे दिगूला पटलं. नवं चालू व्हायचं होतं. त्याने कडी काढली.

"अरे, घरातल्या माणसाला कोंडतात का कुणी?" मामा म्हणाले. "तो घरचा आहे. घरच्याला कोंडायचं नाही, लक्षात ठेव."

"घरच्याला कोंडायचं नाही. पुढच्या वेळी तसंच करीन."

जीप दारात थांबली होती. नाहीतर मामांना वाक्यातली फट दिसली असती.

दामोदरपंत ओसरीवर मधल्या खुर्चीत बसले. अनिरुद्ध त्यांच्या उजव्या हाताला. पस्तिशीकडे झुकलेला, उंच, गोरा आणि गप्प. पत्रिका छापून आली. तेवीस गुण. पंतांनी कागद उजेडात धरला, उलटा करून पाहिला, मागे काही छापलेलं नाही याची खात्री केली.

"नोकरीत कामाचं फार असतं का?" मामांनी मुलाला विचारलं.

"फार असतं," पंत म्हणाले.

"वाचनाची आवड?"

"बेताची," पंत म्हणाले.

वसू चहा घेऊन आली. "साखर किती?" तिने अनिरुद्धला विचारलं.

"दोन चमचे," पंत म्हणाले.

अनिरुद्धने तोंड उघडलं होतं. ते मिटलं.

दिगू खांबाला टेकून बघत होता. मुलाला विचारलं की बाप दाखवतो. मुलाच्या चेहऱ्यावर काहीच येत नाही. पडदा काळा. हे त्याने कुठेतरी पाहिलं होतं.

पंतांनी चहा संपवला. "तेवीस बरे आहेत. पण आम्हाला चारला पुढच्या गावी जायचंय. तिथल्या मुलीचे सव्वीस सांगितलेत. विचार करून कळवू."

विचार करून कळवू म्हणजे काय, ते त्या ओसरीवर सगळ्यांना कळलं. मामा पायांकडे बघू लागले. वसूने कप गोळा करायला घेतले. एक कप तिने दोनदा उचलला आणि दोनदा खाली ठेवला.

काम एक, हक्क सांगणारे दोन, दिगूने विचार केला. जुनं मूळ पाटीवरचं आहे. उपटता येत नाही. आणि हे तर घरचेही नाहीत.

तो पुढे झाला. "पंत, जरा आत येता का? थोडं काम होतं."

मुलीकडच्यांनी आत बोलावलं म्हणजे मानपानाचं काहीतरी मनासारखं असणार, असं समजून पंत लगबगीने उठले. दिगूने त्यांना कोठीत नेलं, स्वतः आत गेला आणि आतून कडी घातली.

"हे काय?" पंत म्हणाले.

"तुम्ही बंद आहात," दिगू म्हणाला. "बसा. लाडू आहेत."

"दार उघड."

"पडदा आधी थोडा वेळ काळा राहतो. मग येतो."

पंत ओरडणार होते. तेवढ्यात खिडकीतून बाहेरचं बोलणं ऐकू आलं, आणि ते ऐकण्यासाठी गप्प राहिले.

"तुम्हाला काही विचारायचं आहे का?" मामा रीत म्हणून विचारत होते.

बराच वेळ काही नाही. मग एक आवाज आला. जाडसर, न वापरलेला.

"मला खरं म्हणजे चहात साखर आवडत नाही."

"हा कोण बोलतोय?" पंतांनी विचारलं.

"तुमचा मुलगा."

"तो दोन चमचे घेतो."

"तो नाही म्हणतोय."

बाहेर वसू म्हणाली, "मग मघाशी बोलला का नाहीत?"

"मला विचारलं की बाबा सांगतात. सवय आहे. आई होती तेव्हा ती मला वेगळं, स्वयंपाकघरात नेऊन विचारायची."

आत पंत पोत्यावर बसले. दिगूने पितळी डबा पुढे केला. पंतांनी एक लाडू घेतला.

"मला चारच्या गावाला जायचं नाहीये," आवाज म्हणाला. आता तो बरा चालत होता. "मला इथे पसंत आहे. तुमचं काय?"

"मला बोलणारा माणूस चालेल," वसू म्हणाली.

पंतांनी दुसरा लाडू घेतला.

पुढची पाच मिनिटं घरात पळापळ झाली. साखर आली. पण मुलाच्या वडिलांच्या हातावर साखर पडल्याशिवाय सोयरीक पक्की होत नाही, आणि मुलाचे वडील तर सापडेनात. शेवटी मामांना खिडकीत ते दिसले. गजांच्या आड, मिशीला बुंदी लागलेले. गेलं हे स्थळ, असं त्यांना वाटलं.

"हात बाहेर काढा, पंत," दिगू म्हणाला. "थांबा. आधी लोखंडाला लावा."

"कशाला?"

"अंगातलं जातं."

पंतांनी गजाला हात लावला. तसाच थोडा वेळ ठेवला. मग गजांमधून हात बाहेर काढून तळवा पसरला आणि खाली बघत म्हणाले, "शास्त्रीबुवा, वैशाखातला मुहूर्त बघा. आणि त्याच्या चहात साखर घालू नका."

मामांनी साखर ठेवली.

"दिगू," मग ते म्हणाले, "आता दार उघड."

"नाही, मामा."

"का?"

"नवं नीट चालू लागलंय. आता जुन्याला पुन्हा चालू करायचं नाही. कधीच. कितीही म्हणालं तरी."

मामांनी विनवलं. अनिरुद्धने, आता बोलताच येत होतं म्हणून, दोनदा विनवलं. बापूरावांनी झोपाळ्यावरून सुचवलं की आत गार आहे, राहू द्या. दिगू ऐकेना.

मग वसू आली. तिने हातातले कप आधी खाली ठेवले. दाराला तोंड लावून, मामी म्हणायची तशा बेताने म्हणाली, "दिगूदादा, कडी काढ. एवढंच."

दहा महिन्यांत तो शब्द त्या घरात कुणी उच्चारला नव्हता. मामा तोंड फिरवून अंगणाकडे बघू लागले.

दिगूने लगेच कडी काढली. आणि हात मागे बांधून उभा राहिला. दार उघडायला कुणी सांगितलं नव्हतं.

बाहेर मामा थांबले, कारण व्याह्यांच्या अंगावर दार ढकलणं बरं दिसत नाही. आत पंत थांबले, कारण मुलीकडच्या घरी आपण होऊन दार उघडणं बरं दिसत नाही. वसू आणि अनिरुद्ध थांबले, कारण वडीलधारी माणसं थांबली होती. कडी काढलेल्या दाराच्या दोन्ही बाजूंना सगळे शहाणे उभे होते. चारची वेळ झाली, जीपवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला, आणि आत पंतांनी दिगूला हळूच विचारलं, "डब्यात अजून किती आहेत?"